रॅम वाढवण्याआधी: दुपारी रखडणारा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर

इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक पेढीचे हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारले आहे, ते थोडक्यात असे. दुकानाच्या माळ्यावर विंडोज सर्व्हर २०१९ चे एक मशीन आहे: आठ कोअर, ३२ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन साटा हार्ड डिस्क मिररमध्ये, म्हणजे एकीवरचे सगळे दुसरीवरही जसेच्या तसे. त्यावर अठरा जण रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या पीसीवरून सर्व्हरचा पडदा उघडून, टॅली, एक्सेल आणि ब्राउझर चालवतात. सात जण दुकानातच, पाच देवास नाक्याच्या गोदामात, चार पीथमपूरच्या युनिटमध्ये आणि दोघे घरून. दुपारी बारानंतर सगळ्यांचेच रखडते, महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास तर फारच. पीथमपूरवाल्यांचे सेशन मध्येच तुटते. गोदामात डॉट मॅट्रिक्सवर बिल निघायला इतका वेळ लागतो की ट्रकवाला दारात उभा राहून हॉर्न वाजवतो. रॅम ६४ जीबी करावी, की हे काढून एखादे हलके, फुकटचे सॉफ्टवेअर बसवावे? आणि जमल्यास मोबाइलवरून काम, नव्या मुलांची स्क्रीन पाहता येणे, याही सोयी हव्या आहेत.

यात निदान तीन वेगळे आजार मिसळले आहेत. दुकानातले सात जण लॅनवर, म्हणजे दुकानातल्याच जाळ्यावर आहेत, त्यांच्या आणि सर्व्हरच्या मध्ये इंटरनेट येतच नाही. तेही बारानंतर अडकतात म्हणजे तो दोष सर्व्हरच्या पोटातला. पीथमपूरचे तुटणे लाइनीचे, आणि गोदामातले बिल छपाईच्या वाटेत अडकलेले. रॅम वाढवून यातला फार तर पहिला आजार थोडा हलका होईल, बाकीचे दोन जागचे हलणार नाहीत.

मशीन मी पाहिलेले नाही, तेव्हा काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर सोडतो. टॅलीचा डेटा किती मोठा आहे, एका वेळी किती कंपन्या उघड्या असतात, ब्रॉडबँडचा अपलोड कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, अँटिव्हायरस कोणता, यांवर उत्तर बदलेल. पण तपासायचा क्रम बदलत नाही. इंदूर-देवास-पीथमपूर पट्ट्यातल्या पेढ्यांचे आणि छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळण्यातच माझा दिवस जातो, आणि खर्चाचा निर्णय मोजमापाआधी झालेला मला जवळजवळ सगळीकडे दिसतो.

मोजायला काही विकत घ्यावे लागत नाही. सर्व्हरवर परफॉर्मन्स मॉनिटर उघडा, त्यात एकेक गोष्ट मोजणारे काउंटर असतात. सर्व्हर २०१९ मध्ये 'युझर इनपुट डिले पर सेशन' नावाचा काउंटर आला, तो आधी लावा. माणसाने कळ दाबली, तिचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचला, आणि तिथून टॅलीने किंवा एक्सेलने तो उचलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, एवढेच हा काउंटर सांगतो. नेटवर्कचा वेळ तो मोजतच नाही, आणि म्हणूनच तो कामाचा. पीथमपूरचा माणूस फोनवर ओरडत असताना त्याच्या सेशनचा आकडा पन्नास-साठ मिलिसेकंदांत खेळत असेल, तर सर्व्हर निर्दोष आहे, लाइन बघा. उलट दुकानातल्या सेशनचा आकडा हजाराच्या वर उड्या मारत असेल तर सर्व्हर गुदमरलाय.

दुसरा संच 'रिमोट एफएक्स ग्राफिक्स' या नावाखाली सापडेल. त्या नावाची जुनी ग्राफिक्स कार्डवाली सोय मायक्रोसॉफ्टने काढून टाकली, पण काउंटर राहिले आहेत. स्क्रीनच्या किती फ्रेम गाळाव्या लागल्या हे ते तीन कारणांत विभागून दाखवतात: सर्व्हर अपुरा पडला म्हणून, नेटवर्क अपुरे पडले म्हणून, किंवा समोरचा कॉम्प्युटर अपुरा पडला म्हणून. तिसऱ्या कारणाकडे कोणी बघत नाही. गोदामात दहा-बारा वर्षांपूर्वीचा डबडा पीसी असतो, आलेले चित्र उलगडताना त्यालाच धाप लागते आणि शिव्या सर्व्हर खातो. हे दोन्ही संच अकरा तारखेला दिवसभर रेकॉर्ड करून ठेवा.

आता पोटातला आजार. माझा पहिला संशय डिस्कवर आहे, आणि तो हवेतला नाही. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे चारेक मिलिसेकंद. डोके त्या पट्टीवर सरकायला वर आणखी आठ-नऊ. एका इकडच्या-तिकडच्या वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचने होतात. मिररमुळे वाचन दोन डिस्कांत वाटले जाते, लिहिणे मात्र दोघींवर करावेच लागते. आता त्या ऐंशी-दीडशेत अठरा जणांची टॅली, अठरा ब्राउझरांची कॅश, विंडोजचे लॉग आणि अँटिव्हायरस बसवा. साधी साटा एसएसडी हजारोंच्या घरात वाचने देते. 'अ‍ॅव्हरेज डिस्क सेकंद पर रीड' हा काउंटर लावा. दहा-पंधरा मिलिसेकंदांपर्यंत ठीक. पंचविसाच्या वर तो सतत राहत असेल तर आणखी शोधाशोध करू नका.

रॅमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. ३२ जीबीतून विंडोजचा स्वतःचा वाटा काढला की माणशी दीड जीबीच्या आसपास उरते, आणि आजकाल ब्राउझरचे आठ-दहा टॅब तेवढे एकट्याने खातात. रॅम संपली की विंडोज तिच्यातली पाने डिस्कवर टाकते, आणि ती डिस्क आधीच दमलेली. म्हणून रॅम कमी पडल्याची लक्षणे आणि डिस्क संथ असल्याची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. 'अव्हेलेबल एमबाइट्स' दुपारी दोन हजारांच्या खाली जात असेल तर रॅमही घ्या, पण एसएसडीच्या नंतर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर डोळे मिटून एसएसडी. घेताना सर्व्हरसाठीची घ्या, जिच्यात वीज अचानक गेली तरी हातातले लिखाण पूर्ण करण्याची सोय असते. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी जाते ते सांगायला नको. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी कधी बदलली होती हे कोणाला आठवत नसते.

पण मग बाराच का? डिस्क तर सकाळीही तीच असते. इथे शेड्यूल तपासा. अँटिव्हायरस बसवणारा मुलगा फुल स्कॅन जेवणाच्या वेळेला लावून जातो, कारण त्याच्या मते तेव्हा कोणी काम करत नाही. सियागंजात दुपारी काम थांबत नाही हे त्याला कोण सांगणार! टास्क शेड्युलरमध्ये बारा ते तीनच्या मध्ये काय सुरू होते ते बघा: स्कॅन, बॅकअप, डिस्क ऑप्टिमाइझ. सगळे रात्री ढकला. टॅलीच्या डेटा फोल्डरला रिअल-टाइम स्कॅनमधून वगळा. अठरा जण एकच फाइल सारखी उघड-मीट करत असताना प्रत्येक वेळी तिची झडती घेण्यात अर्थ नाही. त्या फोल्डरचे रात्रीचे स्कॅन मात्र चालू ठेवा.

तुम्ही सहज लिहून गेलात की मशीन माळ्यावर आहे. मला तो शब्द खटकला. पत्र्याखालचा माळा, एसी नाही, मे महिना. प्रोसेसर तापला की मशीन स्वतःच त्याचा वेग खाली आणते, आणि हे नेमके दुपारी होते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल प्रोसेसर पॉवर' या स्रोताची ३७ क्रमांकाची नोंद शोधा. फर्मवेअरने प्रोसेसरचा वेग मर्यादित केला आहे अशा अर्थाचा मजकूर तिच्यात असतो. दुपारच्या वेळेच्या अशा नोंदींची रांग दिसली तर एसएसडीच्याही आधी मशीन खाली आणा. जाता जाता पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' असेल तर 'हाय परफॉर्मन्स' करा. बिलात फारसा फरक पडत नाही, हाताला जाणवतो.

अकरा आणि वीस तारखेचे कोडे सोपे आहे. अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी, या जीएसटी विवरणपत्रांची मुदत. त्या दिवशी सगळे जण सर्व्हरच्या आतला ब्राउझर उघडून पोर्टलवर बसतात. पोर्टल स्वतः संथ, म्हणून प्रत्येक जण तीन-तीन टॅब उघडून ठेवतो. सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे त्या पानांचे रंगकाम प्रोसेसर करतो, मग त्याच रंगलेल्या पानाचे आकुंचन करून ते तारेवर टाकायचे कामही तोच करतो. एखाद्याने आत यूट्यूब लावले तर व्हिडिओ एकदा उलगडायचा आणि पुन्हा बांधायचा, असा दुहेरी मार. माझा सल्ला थोडा कडक आहे: ब्राउझर सर्व्हरवरून काढून टाका. पोर्टल आणि ई-वे बिल समोरच्या पीसीवरच्या ब्राउझरमध्ये उघडू देत. टॅलीतून निघालेली जेसन फाइल एका शेअर्ड फोल्डरमध्ये पडेल, तिथून उचलतील. पहिले चार दिवस कुरकुर होते, मग विसरतात. एका फटक्यात इतका बोजा उतरवणारा दुसरा उपाय मला माहीत नाही, आणि याला पैसा लागत नाही.

याच ओघात एक सवय तपासा. संध्याकाळी किती जण लॉगऑफ करतात आणि किती जण नुसती वरची फुली मारतात? फुली मारली की सेशन मरत नाही, आत टॅली आणि सगळे टॅब तसेच पडून राहतात. टास्क मॅनेजरच्या 'युझर्स' पानावर रात्री नऊला बघा, खरी गर्दी कळेल. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम लावायच्या जागी, डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला दोन-तीन तासांची मुदत घाला. नुसत्या स्वस्थ बसलेल्या सेशनला मात्र कडक मुदत नको. मुनीमजी अर्धे व्हाउचर टाकून बँकेत गेले आणि परत येईपर्यंत सेशन बंद झाले, तर तुमचा फोन वाजत राहील.

आता पीथमपूर. इथे एक गणित नीट समजून घ्या. सर्व्हर दुकानात आहे, म्हणजे बाहेरच्या अकरा जणांच्या स्क्रीन तुमच्या दुकानाच्या अपलोडमधून जातात, डाउनलोडमधून नाही. हलक्या कामाला माणशी दीड आणि मध्यम कामाला तीन एमबीपीएस धरा असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन आहे. टॅलीचा निळा-पांढरा पडदा प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी घेतो. तेव्हा अकरा जणांना वीस-पंचवीस एमबीपीएसचा खरा अपलोड पुरून उरतो. पण त्याच लाइनीवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो. शेठजी घरी बसून मोबाइलवर आठ कॅमेरे बघतात, कॅमेरामागे दोन एमबीपीएस म्हणजे सोळा गेले. अपलोड तुडुंब भरला की राउटरच्या पोटात डेटाच्या पाकिटांची रांग लागते, आणि पंधरा-वीस मिलिसेकंदांचा जाण्या-येण्याचा फेरा अर्ध्या सेकंदावर जातो. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही. कॅमेरे चालू असताना पीथमपूरहून सर्व्हरला सतत पिंग करत राहा, त्यात दिसेल. डीव्हीआरचा बाहेरचा प्रवाह सब-स्ट्रीमवर, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या चित्रावर आणा, आणि राउटरमध्ये रांगेची शिस्त लावण्याची सोय असेल, ओपन डब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत प्रणालीवर असते, तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या जरा खाली बांधून ती चालू करा. जमल्यास कॅमेऱ्यांना वेगळी स्वस्त लाइन द्या. मला तोच मार्ग आवडतो, कारण मग भांडणच राहत नाही.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. टीसीपी आणि यूडीपी या पाकिटे पाठवायच्या दोन पद्धती. रिमोट डेस्कटॉप पूर्वी फक्त टीसीपीवर चालायचा. २०१२ च्या सर्व्हरबरोबर आलेल्या आठव्या आवृत्तीपासून तो यूडीपीही वापरू शकतो. टीसीपीत एक पाकीट हरवले की मागची सगळी त्याच्यासाठी थांबतात. सियागंजाच्या गल्लीत एक हातगाडी अडली की मागे मारुती असो की टेम्पो, सगळ्यांनी उभेच राहायचे, तसे. यूडीपीवर हरवलेल्या तुकड्याची भरपाई करत पुढचे चालू राहते. तुमचे सेशन कशावर चालले आहे ते बघायला काहीच लागत नाही: स्क्रीनच्या वरच्या पट्टीत मोबाइलच्या रेंजसारख्या दांड्या असतात, त्यांवर क्लिक केले की कनेक्शनचा दर्जा सांगणारी एक खिडकी येते, आणि यूडीपी चालू असेल तर त्याच वाक्यात ते लिहिलेले असते. नसेल तर बहुधा कोणीतरी राउटरवर फक्त टीसीपी ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, बाहेरच्या जगाला उघडून ठेवला आहे.

आणि तो तसा उघडा असेल तर आधी बंद करा. वेगाची चर्चा त्यानंतर. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी बघा: चुकलेले लॉगिन. उघड्या पोर्टवर जगभरातले बॉट दिवसरात्र पासवर्ड आजमावत असतात. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे पडदा दाखवण्याआधीच ओळख तपासण्याची सोय, बंद असेल तर अशा प्रत्येक अनोळखी ठोक्याला सर्व्हर एक पूर्ण लॉगिनचा पडदा उभा करून दाखवतो, म्हणजे तुमचा प्रोसेसर चोरांच्या सरबराईत. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची जी खोट उघड झाली तिच्यात पासवर्डचीही गरज नव्हती. तुमची सर्व्हर २०१९ आवृत्ती तिच्यातून सुटली होती, पण मायक्रोसॉफ्टला तेव्हा कधीच निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली, यावरून गांभीर्य ओळखा. पोर्टचा नंबर बदलून फक्त लॉगमधला गोंगाट कमी होतो.

त्याऐवजी व्हीपीएन घ्या, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा तुमचा खासगी बोगदा. मी लहान पेढ्यांना वायरगार्ड देतो, कारण ते हलके आहे आणि स्वतः यूडीपीवर चालते. ओपन व्हीपीएन असेल तर ते टीसीपी मोडमध्ये ठेवू नका. टीसीपीच्या पोटात टीसीपी घातला की एक पाकीट हरवल्यावर दोघेही आपापल्या परीने ते पुन्हा पाठवू लागतात आणि लाइन बसते. वायरगार्ड लावलात की तुटण्याची एक जुनी खोडही मोडता येईल. पीथमपूरला डोंगलवरचे नेट असेल तर मोबाइल कंपनीचे यंत्र थोडा वेळ शांत राहिलेले कनेक्शन विसरून जाते. माणूस चहाला गेला की सेशन गेले. वायरगार्डमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' पंचवीस सेकंदांवर ठेवा, आणि सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत कीप-अलाइव्हचा मध्यंतर एक मिनिट.

सेशन तुटत नाही पण स्क्रीन गोठते, आणि तीही मोठी शीट उघडली की, अशी तक्रार असेल तर पाकिटाचा आकार तपासा. इथरनेटची मर्यादा १५०० बाइट, पीपीपीओई, म्हणजे युझरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँडवर १४९२, वायरगार्डच्या आत नेहमीची १४२०. पिंगला 'तुकडे करू नका' असे सांगून बोगद्यातून १३९२ बाइटचा मजकूर पाठवा; वर २८ बाइटचे मथळे धरून तो बरोबर १४२० होतो. तो जात नसेल तर आकडा कमी करत जा, जिथे जाऊ लागेल त्यात २८ मिळवा आणि ती मर्यादा वायरगार्डला द्या.

तुटणे बरोबर तासाभराने होते का, हेही पीथमपूरला विचारून घ्या. तसे असेल तर लाइनीचा दोषच नाही. सर्व्हर २०१९ डोमेनशिवाय (सगळ्या युझरांची नोंद एका जागी ठेवणाऱ्या व्यवस्थेशिवाय), म्हणजे वर्कग्रुपमध्ये आहे आणि लायसन्स 'पर युझर', म्हणजे माणशी प्रकारचे टाकले आहे, तर लायसन्समध्ये अडचण आहे असा निरोप देऊन सेशन साठ मिनिटांनी बंद होते. वर्कग्रुपमध्ये 'पर डिव्हाइस', म्हणजे उपकरणामागे एक, हेच चालते. पण मग मोबाइलवरूनही काम हवे असेल तर प्रत्येक मोबाइल हे एक डिव्हाइस, आणि हिशेब वाढतो. अठरा माणसे आणि तीसेक उपकरणे असा मामला असेल तर डोमेन उभारून 'पर युझर' घेणे स्वस्त पडते.

एक जुना सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल: रंग १६ बिटवर आणा, हलके होईल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ते खरे होते. आताच्या आवृत्त्यांत मजकूर वेगळा, फोटो वेगळे, हलते चित्र वेगळे ओळखून बांधणारी जी नवी पद्धत आहे ती ३२ बिटवरच चालते. १६ वर आणले की क्लायंट जुन्या पद्धतीवर उतरतो आणि बऱ्याचदा जास्तच डेटा जातो. वॉलपेपर, अ‍ॅनिमेशन, खिडकी ओढताना आतले चित्र दाखवणे, हे मात्र खुशाल बंद करा.

गोदामातल्या बिलाकडे येतो, कारण तिथे रोजचा खरा वैताग आहे. सर्व्हर २००८ पासून 'ईझी प्रिंट' नावाची सोय आली. सर्व्हरवर प्रिंटरचा ड्रायव्हर नसला तरी चालते: सर्व्हर पानाचे एक सर्वसाधारण चित्र बनवतो, ते सेशनमधूनच खाली येते आणि तिथला ड्रायव्हर ते छापतो. लेझर प्रिंटरला हे छान. डॉट मॅट्रिक्सला हेच मारक, कारण ज्या प्रिंटरला नुसती अक्षरे पाठवली असती तर त्याने आपल्या फाँटमध्ये झरझर टंकली असती, त्याला आता अख्खे पान चित्र म्हणून मिळते. मग ते डोके एकेका पट्टीवर खर्रर्र करत चार-चार वेळा फिरते. त्यात ते चित्र स्क्रीनच्याच वाटेने येत असल्यामुळे छपाई चालू असताना त्या माणसाची टॅलीही अडखळते.

उपाय असा. सर्व्हरवर त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, आणि त्याचे नाव गोदामातल्या पीसीवरच्या ड्रायव्हरच्या नावाशी अक्षरशः जुळू द्या. एक स्पेस इकडेतिकडे झाली तरी तो धरत नाही. मग ग्रुप पॉलिसीत 'ईझी प्रिंट ड्रायव्हर आधी वापरा' ही ओळ डिसेबल करा. टॅलीत छापण्याची पद्धत 'नीट मोड'वरून 'डॉट मॅट्रिक्स फॉरमॅट'वर आणा. बिल इंग्रजीत असेल तर फरक तिथल्या तिथे दिसेल. मालाची नावे हिंदीत छापत असाल तर चित्रच जाणार, तिथे छोटा थर्मल किंवा लेझर घेतलेला बरा. दुसरी पॉलिसी 'फक्त डीफॉल्ट प्रिंटर पाठवा' अशी आहे, तीही चालू करा. नाहीतर प्रत्येक लॉगिनला अठरा जणांचे पीडीएफवाले, फॅक्सवाले असे सगळे नकली प्रिंटर सर्व्हरवर येऊन बसतात आणि सकाळचे लॉगिनही लांबते.

सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतून निघालेला व्हीएनसी परिवार आणि दुसऱ्याच्या पीसीवर जाऊन मदत करण्याची बाजारातली साधने, ही विंडोजवर एकच स्क्रीन सगळ्यांत वाटून देतात. अठरा जणांना अठरा वेगळे डेस्कटॉप ती देत नाहीत, म्हणजे तुमच्या कामाचीच नाहीत. लिनक्सवर एक्सआरडीपी हा रिमोट डेस्कटॉपचा मोफत सर्व्हर आहे, मला आवडते, पण त्यावर टॅली चालवायचा खटाटोप तुमच्या पेढीला परवडणारा नाही. आणि साध्या विंडोज १० मध्ये फाइल बदलून अनेक जणांना घुसवणारे जुगाड कोणी सुचवले तर नको म्हणा. ते लायसन्सबाहेरचे आहे आणि कुठल्याही अपडेटनंतर सकाळी दहा वाजता बंद पडते.

ज्या सोयी मागता त्यांतल्या बहुतेक तुमच्याकडे आहेतच, फक्त कोणी चालू केलेल्या नाहीत. रिमोट अ‍ॅप घ्या: माणसाला पूर्ण डेस्कटॉप न देता फक्त टॅलीची खिडकी द्यायची, ती त्याच्या पीसीवर स्थानिक प्रोग्रामसारखीच उघडते. ब्राउझर सर्व्हरवरून काढण्याचा प्रश्नही मग उरत नाही, कारण आत डेस्कटॉपच दिसत नाही. नव्या मुलांची स्क्रीन बघायला 'शॅडो' आहे, २०१२ आर२ पासून पुन्हा आलेले. मुनीमजी आपल्या जागेवरून त्या मुलाच्या सेशनमध्ये डोकावून व्हाउचर दुरुस्त करून दाखवू शकतात. परवानगी विचारण्याची खिडकी मात्र चालू ठेवा. लपून बघायला लागलात की मुले काम कमी आणि संशय जास्त करतात. क्लिपबोर्डने फाइल ओढणे आणि घरच्या लॅपटॉपचे ड्राइव्ह आत दिसणे, या दोन सोयी बंदच ठेवा. घरचा लॅपटॉप मुले गेमला वापरतात, त्यातला कचरा टॅलीच्या शेजारी नको.

मोबाइलचे विचारले आहे. होते, मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅप आहे, व्हीपीएन लावून चालते. ब्राउझरमधूनच हवे असेल तर अपाचे ग्वाकामोले हे मोफत साधन छोट्या लिनक्स मशीनवर बसवता येते. पण सहा इंची पडद्यावर टॅलीत नोंद करणे हे काम नव्हे, शिक्षा आहे. शेठजींना शिल्लक आणि येणे बघायचे असेल तर रोज संध्याकाळी दोन रिपोर्टांची पीडीएफ पाठवा, त्यांना तेच हवे असते.

करायचा क्रम माझ्या हिशेबाने असा: आज ३३८९ बंद आणि व्हीपीएन, या आठवड्यात शेड्यूल, ब्राउझर, सेशनची मुदत आणि छपाई, यांना एक रुपयाही लागत नाही, अकरा तारखेला मोजमाप, त्यानंतरच्या रविवारी एसएसडी, पूर्ण बॅकअप घेऊन आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहून. रॅमचा निर्णय त्याच्याही पुढच्या वीस तारखेचे आकडे बघून घ्या.

मशीनच मुंबई-पुण्याच्या क्लाउडवर न्यावे असेही कोणी सुचवेल. अंतराची अडचण नाही, इंदूरहून मुंबईचा फेरा टॅलीला जाणवणार नाही एवढाच असतो. अडचण दुकानातल्या सात जणांची आहे. आज नेट गेले तरी त्यांची बिले फाटत राहतात. क्लाउडवर गेलात की सियागंजात रस्ता खोदणाऱ्याच्या एका कुदळीने तेही हात बांधून बसतील. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइनी आणि आपोआप बदलणारा राउटर आधी बसवा, महिनाभर तो खरोखर बदलतो का ते पाहा, मग क्लाउडचे दर मागवा.